पान एकशे बारा

बंगळुरू
१२ नोव्हेंबर २०२४

मामा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं की ‘तीर्थस्वरूप’ यात दहा मिनिटं गेली, म्हणून दोन्ही सोडलं. नमस्कार मात्र वाकून केलाय असं समज. मोबाइलवर तू फक्त सुप्रभात पाठवतोस आणि बोलायचं ते कागदावर बोलतोस, हा तुझा नियम आम्हा भाचरांना पाठ आहे. म्हणून पेन शोधलं, पाकीट शोधलं, आणि पोस्ट कुठे आहे हे शेजारच्या काकूंना विचारून ठेवलं.

मी इथे नक्की काय करते, हे तू दर दिवाळीला विचारतोस आणि दर दिवाळीला विसरतोस. पुन्हा सांगते. विद्यापीठं आणि संशोधन संस्था आता अभ्यासाची पुस्तकं इंटरनेटवर ठेवतात. कोणीही उघडावीत, फुकट वाचावीत. पण ठेवल्यावर त्यांचं पुढे होतं काय? विक्रीच नाही, तर खपाचा आकडा कुठून आणायचा? म्हणून आम्ही फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम असं सगळं चाळतो. कुठल्या पुस्तकाची लिंक कोणी टाकली, केव्हा टाकली, सोबत काय लिहिलं, ते गोळा करतो. त्यावरून कळतं की हे पुस्तक प्राध्यापकांच्या बाहेर कोणापर्यंत पोचलं का.

तर परवा मराठी पुस्तकांची यादी बघत होते. एकोणचाळीस पुस्तकं. तेविसाव्या ओळीवर ‘भाईंदरची मिठागरे : काम, हत्यारे आणि माणसे. काशीनाथ गं. दाबके, १९८८’. मी खुर्चीतून उठलेच! तुमच्या संशोधन संस्थेनं २०२१मध्ये जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली केली, त्यात तुझंही आलं. तुला कोणी कळवलं होतं का?

आणि ऐक, तुझ्या पुस्तकाचा उल्लेख सत्तावन्न वेळा झालाय. फार उडू नकोस. त्यातले त्रेचाळीस आम्ही वगळले, कारण ते एकाच खात्यावरून आलेत आणि ते खातं यंत्र चालवतंय असं दिसतं. उरले चौदा. पण चौदासुद्धा चांगलेच आहेत. काही पुस्तकांना शून्य आहे.

तू या पुस्तकाबद्दल कधीच बोलत नाहीस. आईकडची प्रत मी शाळेत असताना पाहिलेली, तीसुद्धा कपाटाच्या वर, जुन्या रेडिओखाली. असं का?

तुझी,
मृणालिनी


बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
२२ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खाली भाजी घेत होतो. पोस्टमन म्हणाला, “अंकल, आजकल कौन लिखता है?” मी म्हटलं, मेरी भांजी, पीएच.डी. है. त्याला काय समजलं कोण जाणे, पण पेन्शनीचे कागद नसलेलं पाकीट बघून त्यालाही बरं वाटलेलं दिसलं.

मला कोणी काही कळवलं नव्हतं. तीनशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या शंभर-सव्वाशे ग्रंथालयांत गेल्या, बाकीच्या संस्थेच्या तळघरात कसरीनं वाचल्या. माझ्या हिशेबात तेवढाच वाचकवर्ग होता. आता तू म्हणतेस चौदा माणसं. मी हसलो, आणि मग दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

तुला वाटतं तुझा मामा जन्मापासून असा लिफ्टची वाट बघणारा म्हातारा होता. चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी, तीन मोसम, दर रविवारी मी दादरहून भाईंदरला जायचो. स्टेशनबाहेर भाड्याची सायकल घ्यायची आणि मोरव्याचा रस्ता धरायचा. गाव संपलं की आगरं लागायची. आगर म्हणजे मिठाचं शेत. खाडीचं पाणी बांधावरच्या उघाडीतून, म्हणजे लाकडी दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, आणि उन्हानं आटलं की तळाला मीठ धरायचं. मार्चमध्ये बांधावर ओळीनं पांढरे ढीग. डोळे दिपायचे. चालताना पायाखाली करकर वाजायचं. संध्याकाळी घरी आलो की चष्म्याच्या काड्यांवर मीठ जमलेलं असायचं आणि तुझी मामी ते बोटानं पुसून भाजीत टाकायची धमकी द्यायची.

दुपारी बांधावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खायचो. दाबक्यांच्या घरात हे कळलं असतं तर गहजब झाला असता. मामीला अजून माहीत नाही, तेव्हा हे पत्र घरी आलीस तरी आणू नकोस. तसलं जेवण मला पुन्हा मिळालं नाही. एक माणूस असायचा माझ्यासोबत. तोच सगळं दाखवायचा.

आता आमच्या गच्चीतून समोर चोवीस मजले आणि त्यामागे तीस मजले दिसतात. पुस्तकाबद्दल बोलत नाही, कारण बोलायला ऐकणारा लागतो. दुसरं काही कारण नाही.

ते चौदा कोण आहेत ते सविस्तर लिही. आणि त्यात भाईंदरचं कोणी आहे का? मोरव्याचं, राईचं, खारीचं? मुद्दाम बघ.

आशीर्वाद.
मामा


बंगळुरू
५ डिसेंबर २०२४

मामा,

‘दुसरं काही कारण नाही’ असं जो आपणहून लिहितो त्याच्याकडे कारण असतंच. पण असो. मी भाची आहे, फौजदार नाही.

तुझे चौदा. तीन जण पक्षी बघणारे. त्यांना मिठागरांत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कुठे उतरायचे ते हवं होतं. दोन विद्यार्थिनी, एक नागपूरची, एक चक्क लिस्बनची. तिकडेही मिठागरं आहेत म्हणे. तिनं तुझी हत्यारांची चित्रं तिकडच्या चित्रांशेजारी ठेवलीत. एका गृहस्थांनी रक्तदाबावर कोणतं मीठ चांगलं या वादात तुझी लिंक फेकली आहे. पुस्तक उघडलंसुद्धा नसावं. एका बाईंनी लिहिलंय की त्यांचे वडील मिठाच्या गाड्यांवर कारकून होते आणि पान चाळीसवरचं वजनाचं वर्णन वाचून त्यांना रडू आलं. बाकीचे सात जण एकमेकांचंच पुढे पाठवणारे. भाईंदरचं त्यात कोणी नाही. म्हणजे, ज्यांनी गाव लिहिलंय त्यांत तरी नाही.

पूर्ण यादी छापून सोबत जोडते आहे. गंमत म्हणून वगळलेले त्रेचाळीसही जोडलेत. बघ, कसं कळतं यंत्र आहे ते. प्रत्येक वेळी एकच लिंक, पुस्तकाच्या एकाच पानाची. प्रत्येक वेळी एकच मजकूर, ‘पान ११२’. वेळ नेहमी दुपारी एकच्या आसपास. अंतर चौदा-पंधरा दिवसांचं. मे महिन्यात बंद पडतं, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा सुरू होतं. खात्याला फोटो नाही, नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. माणूस इतकं एकसुरी वागत नाही. आमचा संगणक असली खाती आपोआप बाजूला काढतो आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. हे सगळं लिहून माझा शोधनिबंध गेल्या आठवड्यात पाठवूनही दिला.

आता माझा प्रश्न. तो ‘एक माणूस’ कोण? तीन वर्षं ज्याच्यासोबत जेवलास त्याला नाव असेल ना?

मृणालिनी


बेव्हर्ली पार्क
२० डिसेंबर २०२४

चि. मृणालिनी,

तुझा संगणक हुशार असेल, पण त्यानं कधी उपास केलेला नाही.

यादी जेवणाच्या टेबलावर पसरली होती. तुझी मामी शेजारी गवार मोडत होती. तिनं चष्मा न लावता एक रकाना वाचला आणि म्हणाली, “पंचवीस जानेवारी, नऊ फेब्रुवारी, चोवीस फेब्रुवारी, दहा मार्च. अहो, ह्या पौर्णिमा-अमावास्या आहेत.” आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागच्या तीन वर्षांची मामीनं जपून ठेवली आहेत, पाठीमागे दुधाच्या नोंदी असतात म्हणून. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळल्या. एकही चुकली नाही.

पौर्णिमा आणि अमावास्या म्हणजे उधाणाचे दिवस. खाडीला सगळ्यात मोठी भरती तेव्हाच येते आणि आगरात पाणी तेव्हाच घेतात. काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पावसाआधी बंद होतं. पान ११२ म्हणजे माझ्या पुस्तकातलं भरतीच्या वेळांचं कोष्टक. मृणालिनी, हे यंत्र नाही. हा मिठागरातला माणूस आहे, आणि तो आजही मोसम पाळतो आहे. आगरं बंद होऊन जमाना झाला!

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्याचं नाव महिपत म्हात्रे, राहणार मोरवा. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान. पुस्तकात हत्यारांची नावं आहेत ती त्याची. पाण्याचा रंग बघून मीठ केव्हा धरेल ते ओळखायचं, ते त्याचं. चित्रं मी काढली, पण हत्यार हातात धरून तास तास उभा तो राहिला. मी त्याला शब्द दिला होता की पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझं नाव घालीन. त्याची बायको सुगंधा तेव्हा हसून म्हणाली होती, “यांचा नाव? मंग मी तो पान देवाजवल ठेवीन.”

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, शास्त्रीय ग्रंथात माहिती देणाऱ्यांची नावं घालत नाहीत, ‘एक स्थानिक कामगार’ असं लिहा. मी लिहिलं. एकशे चौऱ्याण्णव पानांत तो सत्तावीस वेळा ‘एक स्थानिक कामगार’ आहे. आणि तुझ्यापासून काय लपवू? मलाही ते बरं वाटलं होतं. सगळं मीच शोधून काढलं असं दिसत होतं. पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत कागदात गुंडाळून ठेवली होती त्याला द्यायला. गेलोच नाही. कोणत्या तोंडानं जाणार? चौऱ्याण्णवमध्ये आम्ही मीरा रोडला राहायला आलो तेव्हापासून तो माझ्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तीस वर्षं झाली.

तो असेल किंवा नसेल. पण त्या खात्यामागे कोण आहे ते शोधून दे. त्या त्रेचाळीस वेळा त्याच्या घरचं कोणी माझं पुस्तक उघडत असेल, तर मला ते कळलं पाहिजे. निदान ते कोष्टक तरी त्यांच्या उपयोगी पडलं म्हणायचं. ते मी फार काळजीनं केलं होतं, मुंबई बंदराच्या छापील वेळांशी ओळ न् ओळ ताडून.

मामा


बंगळुरू
४ जानेवारी २०२५

मामा,

मामीला सांग, तिनं माझा निबंध मोडीत काढला. मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून तो परत मागवलाय. का, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, ‘तिथी बघायची राहिली.’ वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण सगळीच वगळलेली खाती आता आम्ही पुन्हा हातानं तपासतोय. आणखी कितींना आम्ही यंत्र म्हणून बाहेर काढलंय कोण जाणे.

आता तुझं काम. ते मी करू शकत नाही. लोकांचं लिखाण अभ्यासायला घेतलं की ते कोण, कुठले हे खोदायचं नाही, त्यांना गाठायचं नाही, आणि छापताना नाव द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्यांच्याच भल्यासाठी केलेला आहे. माझ्या निबंधात ते ‘खाते क्रमांक ४१’ असेल. हे लिहिताना मला तुझा ‘एक स्थानिक कामगार’ आठवला आणि पेन थांबलं. पण तू आणि मी यात फरक आहे, मामा. मी कोणाच्या घरची भाकरी खाल्ली नाही, कोणाला शब्द दिला नाही.

शिवाय शोधायचं काय आहे? पत्ता तुझ्याकडेच आहे. मोरवा.

माझा अंदाज सांगू? मला वाटतं महिपतकाका आता नसावेत, आणि त्यांच्या घरचं कोणी त्यांची आठवण म्हणून दर उधाणाला ते पान लावत असेल, आपण फोटोला हार घालतो तसं. तसं असेल तर ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, उलट जपतायत तुझं पुस्तक. या मोसमातही सुरूच आहे. एक डिसेंबरला होतं, पंधराला होतं, तीसला होतं. पुढची पौर्णिमा तेरा जानेवारीला. जा.

आणखी एक. खुल्या पुस्तकाची सुधारित प्रत काढता येते. संस्थेत मी बोलले, ते तयार आहेत. पहिल्या पानावर घालायचा ऋणनिर्देश लिहून पाठव.

मृणालिनी


बेव्हर्ली पार्क
१५ जानेवारी २०२५

चि. मृणालिनी,

तेरा तारखेला निघालो होतो. ती जुनी प्रत घेतली, तिळगूळ घेतला. रिक्षावाला मोरव्याच्या नाक्यावर म्हणाला, “अंदर कहाँ जाना है?” मला घराची खूण सांगता येईना. तेव्हा समोर चिंचेचं झाड होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. उतरून एखाद्याला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी त्याला म्हटलं, वापस ले लो. घरी आल्यावर तिळगूळ मामीलाच दिला. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ऋणनिर्देश सोबत आहे. चांगला झालाय असं मला वाटतं. चार वेळा लिहून काढला. छापायला देऊन टाक म्हणजे या जन्मीचं एक काम उरकलं.

मामा


बंगळुरू
२३ जानेवारी २०२५

मामा,

ऋणनिर्देश परत पाठवते आहे. खरंच चांगला झालाय. ज्याच्यासाठी लिहिलास त्याच्या घरात वाचून दाखव, मग मी छापायला देते. तोवर नाही.

अमावास्या एकोणतीसला आहे.

मृणालिनी


बेव्हर्ली पार्क
३१ जानेवारी २०२५

चि. मृणालिनी,

गेलो. या वेळी मामी सोबत आली. नाक्यावर रिक्षा सोडून तिनंच एका पोराला विचारलं आणि मला पुढे घातलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

दारात एक मुलगी मोबाइल बघत बसली होती. कॉलेजातली असेल, नाव सान्वी. मी नाव सांगितलं तशी ती उभीच राहिली आणि आत वळून ओरडली, “आजोबा, आले! पुस्तकवाले आले!”

महिपत आहे, मृणालिनी. तुझा अंदाज चुकला. पाठ वाकली आहे, एका डोळ्याला कमी दिसतं, पण आहे. सुगंधावहिनीही आहेत. त्या माझ्याकडे बघेनात. मामीला मात्र हाताला धरून आत नेलं. महिपत खाटेवर बसला होता. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, “सायकल खय हाय?” मी हसायला गेलो आणि मला रडू आलं. एकाहत्तराव्या वर्षी, परक्याच्या घरी. माझं होईपर्यंत तो थांबला.

मग मी खिशातून कागद काढून ऋणनिर्देश वाचला. ‘ज्यांच्यावाचून हा ग्रंथ’ वगैरे. अर्ध्यावर त्यानं हात वर केला.

“नाव न्हाय घातलंस,” तो म्हणाला, “त्याचा मला एक टायम वाईट वाटला. मंग गेला. नावाचा काय, मोठ्या लोकांच्या पुस्तकात आमची नावा कवा असतात? पन माजी येल का बदललीस?”

येल म्हणजे वेळ, पण कोणती ते मला कळेना. तेव्हा सान्वीनं सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्यातल्या कोणीच पुस्तक पाहिलेलं नव्हतं. महिपत गावात सांगत फिरायचा की आमचं सगळं काम एका पुस्तकात छापलंय, बरोब्बर छापलंय. मग तीन-साडेतीन वर्षांपूर्वी हिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शोधताना मोबाइलवर ते सापडलं. रोज संध्याकाळी दहा-दहा पानं तिनं आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवली. ‘स्थानिक कामगार’ आला की सुगंधावहिनी म्हणायच्या, “हा बग, तुजा आजा आला.” घरात हसायचे सगळे. एकशे बारा पानाला महिपत हसायचा थांबला.

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. त्यानं मला सांगितलं होतं की मोरव्याच्या खाडीत पाणी बंदरापेक्षा पाऊण तास उशिरा चढतं. मुंबईत बाराला, तर आमच्या उघाडीला पाऊण वाजता. खाडीच्या तोंडातून आत यायला पाण्याला तेवढा वेळ लागतो. मी वहीत ते लिहूनही घेतलं होतं. नंतर कोष्टक करायला बसलो तेव्हा छापील वेळांशी ते जुळेना. मी म्हटलं, अडाणी माणूस, घड्याळ नाही, अंदाजानं बोलला असेल. आणि त्याच्या सगळ्या वेळा खोडून बंदराच्या घातल्या. वर लिहिलं, ‘स्थानिक कामगाराच्या सांगण्यानुसार’. गेली छत्तीस वर्षं मी नावाच्या अपराधाचं ओझं वाहत होतो, आणि खरा अपराध मला आठवतही नव्हता.

“माज्या तोंडात खोटा घातलास तू,” महिपत म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “त्या येलंला कोन उघाडी खोलंल तर आगर सुका राहील. लोक म्हनतील, महिपतला येवढा पन न्हाय ठाव.”

सान्वी म्हणाली, “मी म्हटलेलं त्यांना, खाली कमेंट टाकू, मिस्टेक आहे म्हणून. तर नाही म्हणाले. म्हणाले, नुसतं पान लाव. ज्याने लिवलाय त्याला कळंल. दर उधाणाला जाऊन पाणी बघतात, आणि चढलं की मला फोन करतात, टाक म्हणून.” म्हणून ती नेहमी एकची वेळ. तुझ्या त्रेचाळीस नोंदी आणि या मोसमातल्या सगळ्या, मृणालिनी, मला पाठवलेल्या होत्या.

मी माफी मागितली. महिपत म्हणाला, “माफीचा काय करू? चल.” आणि काठी घेऊन उठला.

जुन्या बांधाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. बाकी सगळीकडे तिवरं माजलीत आणि त्यापलीकडे टॉवर. उघाडीची चौकट कुजली आहे, पण एक फळी उभी आहे आणि तिच्यावर कोणे एके काळी त्यानं कोयत्यानं पाडलेली खाच आहे. पाणी तिथवर आलं की भरती पुरी झाली. आम्ही दोघं बांधावर बसलो. बारा वाजले. मी घड्याळ दाखवलं. पाणी खाचेपासून हातभर खाली होतं. साडेबारा झाले. मधे त्यानं मला तिवरांत बसलेला एक धीवर पक्षी दाखवला, आणि एकदा लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढताना माझा तोल जाऊन मी आगरात बसलो होतो त्याची आठवण काढून एकटाच हसला. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. त्यानं काढला नाही.

बारा चव्वेचाळीसला पाणी खाचेला लागलं. अगदी हळू, आवाज न करता. मी बघत राहिलो. मग ते तिथेच उभं राहिलं, वर नाही, खाली नाही. महिपतनं फोन काढला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “आता लिव.”

माझ्याकडे ऋणनिर्देशाचाच कागद होता. त्याच्या पाठीवर, बांधावर बसून, त्यानं सांगितलेल्या पंधरा तिथींच्या पंधरा वेळा लिहून घेतल्या. एकही माझी नाही. प्रत्येक ओळ लिहून झाली की त्याला वाचून दाखवली, आणि तो ‘हां’ म्हणाल्यावरच पुढची लिहिली. तोच कागद पाठवतो आहे. पुढची बाजू खोडली आहे, ती छापू नकोस. मागची छाप. कोष्टकाखाली काय घालायचं ते मी त्याला विचारलं. त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं आहे. संस्थेतल्या कोणालाही त्याला हात लावू देऊ नकोस:

‘ही येल मोरव्याच्या खाडीची हाय. महिपत म्हात्रेनी सांगितली. काशीनाथनी बसून बगितली.’

मामा